अशेरा कुठे गेली?

गेल्या वर्षी एका तालुक्याच्या गावी आमचं तीन दिवसांचं निवासी शिबिर होतं. दुसऱ्या दिवशीचं 'धर्म आणि स्त्री' हे सत्र माझ्याकडे होतं. फळ्यावर मी दोन रकाने आखले. एकीकडे 'देवीचा काळ', दुसरीकडे 'एका पुरुष देवाचा काळ'. सांगितलं की फार पूर्वी जगभर देवीची पूजा होती, तेव्हा बाईला मान होता. मग ज्यू लोकांचा एकच एक पुरुष देव आला, त्याने देवी मोडली आणि तिथून बाईची गुलामी सुरू झाली. सत्र छान रंगलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

रात्री ताटं घासताना आमच्या केंद्रातल्या मावशी माझ्या शेजारी येऊन बसल्या. मावशी ख्रिस्ती आहेत, गेली वीस वर्षं सल्ला केंद्राचं काम पाहतात. म्हणाल्या, "ताई, तुम्ही म्हणता ती देवी आमच्या बायबलात आहे. अशेरा. लहानपणापासून तिचं नाव ऐकते मी. पण ती येते ती फक्त तोडायला नि जाळायला. ती कोण, कुणाची, हे कधी कुणी सांगितलं नाही. आणि आमचा देव बाहेरून येऊन तिच्यावर चालून गेला म्हणता, मग ती त्याच्याच देवळात कशी काय होती?"

मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून जमेल तसं वाचते आहे. त्या सत्रात मी जे सांगितलं त्यातलं बरंचसं चुकीचं होतं. ज्या मैत्रिणी अशीच सत्रं घेतात त्यांच्यासाठी ही दुरुस्ती.

एकाच घरातले देव

आजचा इस्रायल, पॅलेस्टाईन, लेबनॉन आणि त्यालगतचा सीरियाचा काही भाग, साधारण या पट्ट्याला जुन्या काळी कनान म्हणत. बायबलमधली गोष्ट अशी, की इस्रायली लोक इजिप्तच्या गुलामीतून सुटून बाहेरून इथे आले आणि कनानी लोक म्हणजे मूर्तिपूजक परके. उत्खननातून पुढे आलेलं चित्र वेगळं आहे. इ.स.पू. १२००च्या सुमारास इथल्या डोंगराळ भागात लहान लहान वस्त्या उभ्या राहिल्या. तिथली मडकी, तिथली भाषा, पुढे तिथे आलेली लिपी, सगळं कनानी परंपरेतलं. इजिप्तचा राजा मर्नेप्ताह याच्या इ.स.पू. १२०८च्या सुमाराच्या शिलालेखात 'इस्रायल' हे नाव पहिल्यांदा सापडतं, तेही कनानमधल्याच एका जनसमूहाचं म्हणून. काही जण बाहेरून आलेही असतील. पण हे लोक मुख्यतः कनानमधूनच घडले, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे ज्यांना परकं ठरवलं ते घरचेच होते.

त्या घरातले देव कोण, हे कळायला १९२८ साल उजाडावं लागलं. सीरियाच्या किनाऱ्यावर नांगरताना एका शेतकऱ्याचा फाळ दगडाला लागला आणि खाली जुनी कबर निघाली. पुढच्या वर्षी उत्खनन सुरू झालं आणि उगारित नावाचं शहर वर आलं. हे शहर इ.स.पू. १२००नंतर लवकरच उद्ध्वस्त झालं होतं. तिथल्या मातीच्या पाट्यांवर देवांच्या कथा होत्या. सर्वांत वडील देव एल, दाढीवाला आणि दयाळू. त्याची बायको अथिरात, देवांची आई, जिला सत्तर मुलगे. वादळाचा आणि पावसाचा देव बाल. लढवय्यी अनात. ही अथिरात म्हणजेच हिब्रू भाषेतली अशेरा.

आता बायबल उघडून पाहा. 'इस्रायल' या नावातच 'एल' आहे. मराठी बायबलात जिथे 'परमेश्वर' लिहिलेलं असतं, तिथे मूळ हिब्रूत चार अक्षरांचं एक विशेषनाम आहे, यहोवा किंवा याहवे. निर्गमच्या सहाव्या अध्यायात हा देव मोशेला सांगतो, की तुझ्या पूर्वजांना मी एल शद्दाय म्हणून माहीत होतो, हे नाव मी त्यांना कळवलेलं नव्हतं. बायबलमधल्या काही जुन्या काव्यांत याहवे दक्षिणेच्या वाळवंटातून, सेईर आणि तेमानकडून येतो. यावरून अनेक अभ्यासक असं मानतात, की याहवे आणि एल हे मुळात दोन देव होते, ते पुढे एक झाले.

अनुवादाच्या बत्तिसाव्या अध्यायातली एक जागा तर फारच बोलकी आहे. परात्पराने राष्ट्रांची वाटणी केली आणि याहवेच्या वाट्याला याकोबाचे लोक आले, असं तिथे म्हटलं आहे. ही वाटणी कशाच्या संख्येवरून झाली? ज्यू परंपरेतल्या प्रचलित पाठात 'इस्रायलच्या पुत्रांच्या' असं आहे. पण मृत समुद्राजवळच्या गुहांत १९४७पासून जी जुनी हस्तलिखितं मिळाली, त्यांतल्या एकात 'देवाच्या पुत्रांच्या' असं निघालं. म्हणजे अनेक देवपुत्रांतला एक, अशी ओळख आधी होती आणि कुणीतरी ती नंतर बदलली. पोलीस ठाण्यातले जबाब वाचायची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना अशी खाडाखोड ओळखीची वाटेल.

याहवेने एलची गादी घेतली. बालचं मेघांवर स्वार होणं, गडगडाटाचा आवाज, समुद्रातल्या सात डोक्यांच्या सर्पाशी झुंज, हेही त्याच्याकडे आलं. गादी घेतली तर एलच्या बायकोचं काय झालं?

मडक्यावरचं नाव

याचं उत्तर १९६७ साली हेब्रोनजवळच्या खिर्बेत एल-कोम इथल्या एका कबरीत आणि १९७५-७६मध्ये सिनाईच्या वाळवंटातल्या कुंतिल्लेत अजरुद या ठिकाणी सापडलं. दुसरी जागा म्हणजे व्यापारी वाटेवरचं इ.स.पू. ८००च्या सुमाराचं ठाणं. तिथे मोठाल्या रांजणांवर हिब्रूत आशीर्वाद लिहिलेले आहेत, 'शोमरोनचा याहवे आणि त्याची अशेरा' यांच्या नावाने, 'तेमानचा याहवे आणि त्याची अशेरा' यांच्या नावाने. रांजणावर चित्रंही आहेत: वीणेसारखं वाद्य वाजवणारी एक व्यक्ती, वासराला पाजणारी गाय, झाडाची पानं खाणारे बोकड.

'त्याची अशेरा' म्हणजे त्याची बायको की देवळात उभा करायचा लाकडी खांब, यावर अजून वाद आहे. हिब्रूत विशेषनामाला 'त्याची' असा प्रत्यय लागत नाही, असं एका बाजूचं म्हणणं. खांब तरी कुणाचा, असं दुसऱ्या बाजूचं. वाद मिटेल तेव्हा मिटो. आठव्या-नवव्या शतकात साधी माणसं आशीर्वाद मागताना या दोघांची नावं एका श्वासात घेत होती, एवढं त्या रांजणांवरून नक्की दिसतं.

यहूदा राज्यातल्या घरांच्या अवशेषांतून मातीच्या बाईच्या लहान मूर्ती शेकड्यांनी सापडल्या आहेत, बहुतेक इ.स.पू. आठव्या-सातव्या शतकातल्या. खाली खांबासारखा बुंधा, वर दोन्ही हातांनी स्तन सावरलेली बाई. ती अशेरा होती की बाळंतिणीची राखण करणारी दुसरी कुणी, सांगता येत नाही. पण ती घरात होती, जेरुसलेममध्येही होती. तेव्हा मावशींच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर असं: तो बाहेरून येऊन तिच्यावर चालून गेला नाही. दोघं एकाच घरात होते, निदान त्यांना भजणारे लोक तसं मानत होते.

हातमाग कुणी बंद केले?

मग ती बाहेर कशी गेली? एका रात्रीत नाही. राजा आसाने आपल्या घरातल्या माका या राणीचं राजमातेचं पद काढून घेतलं, कारण तिने अशेरेची मूर्ती केली होती. हिज्कीयाने अशेरा तोडली. मनश्शेने ती पुन्हा देवळात बसवली. शेवटी इ.स.पू. ६२२मध्ये योशीया राजाने मोठी मोहीम काढली. जेरुसलेमच्या देवळातून अशेरा बाहेर ओढून किद्रोन ओढ्यापाशी जाळली, तिची राख लोकांच्या कबरींवर टाकली. गावोगावची देवस्थानं बंद केली. यापुढे पूजा एकाच शहरात, एकाच देवळात, राजाने नेमलेल्या पुरोहितांच्या हातून.

या हकिगतीत एक लहानसं वाक्य आहे. योशीयाने देवळाच्या आवारातली ती दालनं पाडली, जिथे बायका अशेरेसाठी कापड विणत होत्या.

हे वाचून मी थांबले. इतकी वर्षं मी 'देवी मोडली' एवढंच सांगत होते. पण देवळाच्या आवारात बायकांचे माग होते, बायकांची जागा होती, रोज येण्याजाण्याचं कारण होतं. राजाच्या माणसांनी मूर्तीबरोबर ती जागाही पाडली. त्या विणकरणींचं पुढे काय झालं, यावर एक शब्द नाही.

आणि गंमत पाहा, या मोहिमेला आधार म्हणून देवळात जे नियमशास्त्र सापडलं, ते खरं की खोटं हे विचारायला राजाने माणसं पाठवली ती हुल्दा नावाच्या बाईकडे. ती संदेष्टी होती. तिने ते खरं ठरवलं. बाई तिथे दोन्ही बाजूंना होती. 'पुरुषांनी देवी मारली' या माझ्या फळ्यावर हुल्दाला जागाच नव्हती.

नावही पुसलं गेलं. ग्रीक भाषांतरात बहुतेक ठिकाणी 'अशेरा'चं 'राई' झालं. १६११च्या प्रसिद्ध इंग्रजी बायबलातही तेच, म्हणजे राजाने देवळातून राई बाहेर काढून जाळली, असं काहीतरी. १८८५च्या सुधारित इंग्रजी आवृत्तीत तिचं नाव परत आलं. आज मराठी बायबलात 'अशेरा' हाच शब्द आहे, म्हणून तर मावशींना ती माहीत होती.

बायकांचा जबाब

इ.स.पू. ५८६मध्ये बाबिलोनच्या फौजेने जेरुसलेम जाळलं. काही लोक पळून इजिप्तला गेले. तिथे यिर्मया संदेष्टा त्यांना सांगतो, की तुम्ही दुसऱ्या देवांना भजलात म्हणून हे संकट आलं. त्याच्या ग्रंथाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायात त्याला उत्तर मिळतं. आम्ही ऐकणार नाही, असं लोक तोंडावर सांगतात. स्वर्गाच्या राणीला आम्ही धूप दाखवत होतो तोवर पोटभर अन्न होतं. ते सोडलं तेव्हापासून तलवार आणि उपासमार पाठीस लागली. आणि बायका विचारतात, तिच्यासाठी पोळ्या केल्या त्या काय आमच्या नवऱ्यांना न विचारता केल्या?

सातव्या अध्यायात तर सगळी कामाची वाटणीच दिली आहे. मुलं लाकडं गोळा करतात, बाप विस्तव पेटवतात, बायका कणीक मळतात. ही स्वर्गाची राणी बहुधा अशेरा नसून अश्तोरेथ किंवा इश्तार असावी. पण हा घरचा सण होता आणि त्यात मुख्य हात बाईचा होता.

आपण केंद्रात फायली वाचतो तेव्हा काय करतो? बाईचा जबाब बहुतेक वेळा दुसऱ्याने लिहिलेला असतो, कधी कधी विरुद्ध बाजूच्या सोयीने. तरी त्यात एखादं वाक्य असं निसटतं की ते तिचंच, हे कळतं. यिर्मयाच्या ग्रंथातलं हे उत्तर मला तसं वाटतं. लिहिणाऱ्याने ते खोडून काढण्यासाठीच नोंदवलं. पण नोंदवलं, आणि म्हणून अडीच हजार वर्षांनी आपल्याला ऐकू येतं. त्यात भक्ती आहे, अनुभवावरून काढलेला निष्कर्ष आहे आणि दरडावणाऱ्याला न भिणंही आहे.

नंतरच्या काळातली आणखी एक नोंद. इजिप्तमध्ये आजच्या अस्वानजवळ एलिफंटाईन या बेटावर इ.स.पू. पाचव्या शतकात ज्यू सैनिकांची वसाहत होती. त्यांचे पपायरसवरचे कागद सापडले आहेत. एका कागदावर देवासाठी जमा झालेल्या चांदीचा हिशेब आहे. याहूसाठी १२६ शेकेल आणि अनात-बेथेल नावाच्या देवीसाठी १२०. वर्गणी देणाऱ्यांत कितीतरी बायकांची नावं आहेत. याच वसाहतीतल्या मिब्ताहया या बाईच्या नावावर बापाने घर करून दिलं होतं. तिच्या विवाहाच्या करारात लिहिलं होतं, की तिने पंचायतीत उभं राहून 'हा नवरा मला नको' म्हटलं, तर ठरलेली रक्कम देऊन ती आपलं सामान घेऊन जाऊ शकते. एका वादात तिने इजिप्शियन देवी सातीची शपथही घेतली.

सोपी गोष्ट नको

इथे मोह होतो. पाहा, देवी होती म्हणून घटस्फोटाचा हक्क होता! पण तसं म्हणता येत नाही. उगारितमध्ये देव्या भरपूर होत्या. तिथल्या कथेत बालला महाल बांधायचा असतो, परवानगी एलने द्यायची असते. बाल आणि अनात अथिरातकडे भेटी घेऊन जातात, की तू शब्द टाक. त्या वेळी ती हातात चाती घेऊन बसलेली असते. मग ती गाढवावर बसून नवऱ्याकडे जाते आणि गोड बोलून होकार मिळवते. देवांची आई, पण सही नवऱ्याची. दुसऱ्या कथेत कीर्ता राजाला वारस हवा म्हणून तो फौज घेऊन एका शहराला वेढा घालतो आणि राजाची मुलगी मागून घेतो. तिला कुणी विचारत नाही. जसं घर तसे देव. आपल्या देशात देवींची मंदिरं थोडी नाहीत, आणि आपल्या केंद्रात येणाऱ्या बायकाही थोड्या नाहीत.

टिकवा फ्रायमर-केन्स्की या विदुषीने १९९२च्या आपल्या ग्रंथात हेच दाखवून दिलं, की जुन्या मध्यपूर्वेतल्या देव्यांनी बायकांना ठरीव कामांच्या चौकटीतच ठेवलं होतं. आणि त्याआधी १९८० साली ज्युडिथ प्लास्को या ज्यू स्त्रीवादी लेखिकेने आपल्या चळवळीतल्या मैत्रिणींना विचारलं होतं, की पुरुषसत्तेचं खापर तुम्ही ज्यूंच्या डोक्यावर का फोडता? युरोपात शतकानुशतकं जे आरोप करून ज्यूंना छळलं, त्यात तुम्ही 'देवीला मारलं' हा नवा आरोप का जोडता? हे वाचताना मला माझा फळा आठवला. मी नेमकं तेच केलं होतं. आपल्या धर्मातल्या पुरुषसत्तेबद्दल बोलताना जीभ अडखळते, दुसऱ्याच्या धर्मातली मात्र चटकन दिसते. आजच्या वातावरणात आपण कार्यकर्त्यांनी तरी ही चूक करू नये.

एकाच देवाची ही कल्पना कुठून पक्की झाली, हेही पाहायला हवं. ती विजयी लोकांची नव्हती. देऊळ जळलं, राजा कैद झाला, लोक बाबिलोनला नेले गेले, तेव्हा यशायाच्या ग्रंथाच्या उत्तरार्धातला कवी पहिल्यांदा स्पष्ट म्हणतो, की दुसरा देव नाहीच. हरलेल्यांनी असं सांगितलं, की आमचा देव हरलेला नाही, सगळं जग त्याचंच आहे. विधवा, अनाथ आणि परका यांची बाजू घेणारी परंपराही याच लोकांची. आणि याच यशायाच्या ग्रंथात देव प्रसूतीच्या कळा देणाऱ्या बाईसारखा ओरडतो, पाजत्या बाळाला न विसरणाऱ्या आईशी स्वतःची तुलना करतो. देवळातून काढलेली आई भाषेत शिरली. हिब्रूत दयेचा शब्द 'रहमीम', आणि गर्भाशय म्हणजे 'रेहेम'. आपण मराठीत 'रहम कर' म्हणतो तो शब्द अरबीतून आला, पण धातू तोच.

पण भाषेत आई असणं आणि देवळात बाईला जागा असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपली लढाई दुसरीसाठी आहे.

ती जागा अगदी संपली का? कोकणातल्या आपल्या बेने इस्राएल समाजाचं उदाहरण घ्या. मराठी बोलणारे, तेल गाळण्याचा धंदा करणारे, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून 'शनिवार तेली' म्हणवले गेलेले. ते एकाच देवाला मानतात. पण नवस फेडताना घरी मलिद्याचं ताट भरतात, पोहे, खोबरं, साखर आणि फळं घालून, एलिया संदेष्ट्याच्या नावाने. आणि एलिया म्हणजे कोण? कर्मेल डोंगरावर बालच्या पुजाऱ्यांशी लढलेला, ज्याने अशेरेच्या चारशे संदेष्ट्यांनाही आव्हान दिलं तोच. धर्माच्या ग्रंथात काहीही लिहिलेलं असो, मलिद्यासाठी पोहे भिजवणारे आणि खोबरं किसणारे हात आजही बहुतेक बाईचेच असतात. त्या हातांना निर्णयात किती वाटा, हा प्रश्न इस्रायलच्या डोंगरात होता तसा अलिबागच्या घरात आहे, माझ्या-तुमच्या घरातही आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या सत्रात फळ्यावर दोन रकाने नकोत. तीन प्रश्न पुरे आहेत. हे कुणी लिहिलं? काय बंद झालं आणि ते बंद करण्याचा हुकूम कुणाचा होता? आणि बायका काय म्हणाल्या, ते कुठे निसटून राहिलं आहे का? बायबल असो, कुराण असो, पोथी असो की गावच्या देवस्थानाच्या विश्वस्तांचं इतिवृत्त असो, हे प्रश्न सगळीकडे विचारता येतात, आणि सुरुवात प्रत्येकीने आपल्या घरच्या ग्रंथापासून करावी.

मावशींना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी पुन्हा बायबल काढलं आणि विणकरणींचं ते वाक्य शोधून पेन्सिलीने खूण केली. या वर्षीचं 'धर्म आणि स्त्री' हे सत्र आम्ही दोघी मिळून घेणार आहोत. त्यांनी त्यांच्या ग्रंथातलं सांगायचं, मी माझ्या घरातल्या पोथ्यांतलं.